लगतधारकाची अलॉय चाकं

एक डोळा मिटायचा, खिशातून ओळंबा काढायचा, दोरी दोन बोटांत धरून खाली सोडायची आणि पितळी टोक डोलायचं थांबेपर्यंत श्वासही बेतानं घ्यायचा. दाराची चौकट, मांडवाचा खांब, आमच्या बैठकीतलं कॅलेंडर, काहीच त्याच्या तावडीतून सुटलं नाही. टोक स्थिर झालं की तो म्हणायचा, "आता दुसऱ्या बाजूनं."

तुमच्याही शेजारी असा एखादा असेल. माझ्या वाट्याला तो दोन्हीकडून आला होता. वाशीमच्या जमीन मोजणीच्या कचेरीत टेबलाला टेबल लागून आणि कॉलनीत भिंतीला भिंत लागून. ज्याचं शेत आपल्या शेताला लागून असतं त्याला आमच्या कामात लगतधारक म्हणतात. मोजणीआधी त्याला कळवावं लागतं, तो हजर लागतो, नाहीतर पुढे भांडण ठरलेलं. म्हणून रोज सकाळी भिंतीपलीकडून हाक यायची, "लगतधारक हजर?" मी तोंडात ब्रश धरून म्हणायचो, "हजर." त्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तो फोन करून या मजकुराचीही फेरमोजणी मागेल.

आमच्या गाड्याही सारख्या. तीच छोटी कार, तोच पांढरा रंग, तेच सगळ्यात स्वस्त मॉडेल. फरक एवढाच की नवरदेव माझ्या गाडीत बसायचे. आमच्या कॉलनीत नवरदेवाला मारुतीच्या पाया पडायला कॉलनीतल्याच गाडीतून नेतात, भाड्याची गाडी चालत नाही. लागोपाठ तीन लग्नांत मान माझ्या गाडीला मिळाला. मी नम्र चेहरा करून बोटावर चावी फिरवत असे. दोन्ही गोष्टी एकदम करणं सोपं नाही.

मग एका रविवारी त्याच्या गाडीला अलॉय चाकं आली. रुपेरी, पाच पाकळ्यांची. माझी चाकं लोखंडी, वर प्लास्टिकच्या टोप्या, त्यातली एक अनसिंगच्या रस्त्यावर कुठंतरी पडलेली. पुढचा नवरदेव अर्थातच त्याच्या गाडीतून गेला. मंगलाष्टकं चालू असताना माझी मान सारखी मांडवाबाहेर वळत होती. शेवटी बायको म्हणाली, "अक्षता नवरदेवावर टाका. चाकायवर काहून टाकून राह्यले?"

दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीच्या दाराच्या कडेला टायरच्या मापाचं स्टिकर दिसलं. चौदा इंच. त्याची चाकं पंधराची. इतका आनंद मला प्रमोशनलाही झाला नव्हता. कचेरीत चहाच्या वेळी, सगळे ऐकतील अशा बेतानं मी म्हणालो, "भाऊ, तुमची चाकं कायद्यात बसत नाहीत बरं का."

"काहून?"

"दारावर चौदा लिहिलंय. तुम्ही पंधरा लावली."

त्यानं चहा संपवला. "मंग चला, इचारूनच घेऊ."

आणि मलाच गाडीत बसवून तो आरटीओकडे निघाला. ज्या चाकांवर मी जळत होतो त्यांच्यावरच बसून, ती अडकावीत म्हणून मनातल्या मनात प्रार्थना करत मी चाललो होतो. गाडी, खरं सांगतो, पूर्वीपेक्षा छान चालत होती.

ओळखीचा इन्स्पेक्टर गाड्या पासिंगच्या मैदानावर भेटला. त्यानं वाकून टायरवरचे आकडे वाचले, चाक किती वजन पेलतं ते आतल्या बाजूला कोरलेलं असतं, ते बघितलं, मडगार्डच्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाला, "याच गाडीच्या वरच्या मॉडेलले कंपनी पंधराचंच चाक देते. टायरही त्याच मापाचा हाये. वजन पेलते, बाहेर निंगत नाही. राहू द्या. याच्याहून मोठं लावसान, बाहेर काढसान, तं मंग उतरवाले लावीन. तक्रार कोनाची होती?"

शेजाऱ्यानं माझ्याकडे बोट केलं. "हे आमचे लगतधारक हायेत."

शहाणा माणूस तिथं थांबला असता. मी अकोल्याला गेलो. सोळा इंच, काळी, काठाला लाल रेघ. दुकानदार म्हणाला, "बसते." जुनी चाकं त्यानं बदल्यात ठेवून घेतली. घरी आल्यावर मी घरासमोरच माझा कचेरीतला ओळंबा सोडला. दोरी मडगार्डच्या कडेवरून सुटून टायरला न शिवता खाली आली. झालं, कायद्यात बसलं. याच्याहून मोठं नको हे काय, तो इन्स्पेक्टर बोलण्याच्या भरात बोलला असेल, असं मी ठरवून टाकलं.

संध्याकाळी समोरच्या शिक्षिकाबाई आल्या. त्यांच्या मुलाचं लग्न आठवड्यावर होतं. चाकांभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "भाऊ, आमच्या पोराले तुमचीच गाडी पाह्यजे." मी भिंतीजवळ जाऊन उगाच दोनदा खाकरलो.

लग्नाच्या आदल्या दिवशी तो आला. गाडीला प्रदक्षिणा घातली.

"मोजले?"

"मोजले."

"हजर कोन होतं?"

"मी."

"आन् दुसऱ्या बाजूनं?"

माझ्या घरासमोरची जागा नालीकडे उतरती आहे. गाडी नालीकडे कललेली, आणि मी ओळंबा सोडला होता तो नेमका नालीच्याच बाजूनं. तिकडून दोरी सुटीच पडणार. उतारावर मोजणीची साखळी सपाट धरा म्हणून शेतकऱ्यांवर खेकसण्यात माझी सारी नोकरी गेली, आणि घरच्या उतारावर मी असा घसरलो. त्यानं दुसऱ्या बाजूनं ओळंबा सोडला. पितळी टोक टायरवर जाऊन आरामात टेकलं. मग त्यानं गाडी सपाट रस्त्यावर घ्यायला लावली. तिथं दोन्ही बाजूंनी टायर बाहेर.

"अतिक्रमण," तो हळूच म्हणाला.

नंतर त्यानं मागच्या सीटवर माझी बायको, त्याची बायको आणि गव्हाचं पोतं बसवून मला स्टिअरिंग वळवायला सांगितलं. टायर मडगार्डला घासून असा काही रडला की दोघी बाया पोत्याला तिथंच ठेवून उतरल्या.

"नवरदेव, करवली, मामा," तो म्हणाला. "मारुतीपावतर टायर फाटन."

माझ्या डोळ्यांपुढे शिक्षिकाबाईंचा चेहरा आला. त्यांनी सगळ्या पाहुण्यांना गाडी सांगून ठेवली होती. "तुमची न्या," मी कसंबसं म्हणालो. हे दोन शब्द घशातून काढायला मला जॅक लागला असता.

तो घरात गेला. मला वाटलं, गाडी धुवायला पाणी आणतोय. तो खरोखरचा जॅक आणि पाना घेऊन आला आणि स्वतःच्या गाडीची चाकं खोलायला बसला.

"हे काय करून राह्यले?"

"नवरदेव तुमच्या गाडीत ठरला ना? मंग हे तुमच्या गाडीले लावू. माहे जुने लोखंडी ठेवेल हायेत, ते मी लावतो."

"पण काहून?"

नट ढिला करता करता, मान वर न करता तो म्हणाला, "तीन लग्नं तुमची गाडी गेली, भाऊ. दर खेपेले मी माही धुऊन उभी ठेवत होतो. कोनी इचारलं नाही. लय जयलो तुमच्यावर. म्हनून तं हे चाकं घेतले." मग पाना माझ्याकडे सरकवला. "चरा पडला तं मोजणी लावीन, सांगून ठेवतो."

तो जळला होता. माझ्यावर. आणि आज भेंडी काय भावानं आली हे सांगावं तसं त्यानं ते सांगून टाकलं. जळण्यात तरी मी कॉलनीत पहिला असेन अशी माझी समजूत होती. तिथंही तो पुढे निघाला. मी दुसऱ्या चाकाचे नट खोलायला घेतले.

लग्नात जो तो माझ्या गाडीच्या चाकांवर बोलत होता. तो बाजूला उभा राहून मान डोलवत ऐकत होता, आणि मी माझ्याच गाडीवर जळत होतो. अक्षता मात्र त्यानं नीट टाकल्या, नवरदेवाच्या डोक्यावर.

चाकं परत गेली. अकोल्याच्या दुकानदाराकडून मी माझी लोखंडी परत आणली, तीन टोप्यांसकट.

मागल्या वर्षी तो निवृत्त झाला आणि मानोऱ्याकडे आपल्या गावी शेतावर राहायला गेला. शेजारी नवे भाडेकरू आले, चांगले आहेत, काहीच मोजत नाहीत. परवा मी टायर बदलले, दारावर लिहिलेल्या मापाचे. गाडी सपाट रस्त्यावर घेतली. ओळंबा एका बाजूनं सोडला, मग दुसऱ्या बाजूनं. आणि सवयीनं भिंतीकडे तोंड करून म्हणालो, "लगतधारक हजर?"

भाडेकरूच्या बायकोनं डोकावून पाहिलं. "कोनाले बलावता, भाऊ?"

"कोनाले नाही," मी दोरी गुंडाळली.

मानोऱ्याकडे त्याच्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, लागून कोणाचं तरी शेत असेल. सकाळी त्या माणसाला धुऱ्यावरून हाक जात असेल, आणि तो तोंड धुता धुता, काही विशेष न वाटता, "हजर" म्हणत असेल. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. पण लय जयतो त्याच्यावर.