अंबूबाईंची बंदूक आणि सईदचं तोंड

अमडापुरात तेव्हा भाड्याची मोटर एकच होती, आणि ती सईदची. जुनी फोर्ड. तिचा हॉर्न बिघडला तरी कोणाच्या लक्षात येत नसे, कारण मोटरीच्या आधी सईदचा आवाज गावात शिरायचा. कोणाची म्हैस आटली, कोणाची सोयरीक फिसकटली, चिखलीच्या बाजारात मिरची किती चढली, हे सगळं भाडं उतरायच्या आत सांगून तो मोकळा. मनानं सोन्यासारखा माणूस, पण तोंडात तीळ भिजेल तर शपथ!

त्याची शिक्षाही त्यानं भोगली होती. सख्ख्या बहिणीचा निकाह ठरल्याचं त्याला मांडव पडल्यावर कळलं. बायको बिलकिस हसरी, जीव लावणारी. पण शेजारच्या आशाबाईशी कुजबुजताना हा दिसला की तीही विषय बदलायची. सईद हसण्यावारी न्यायचा, आतून मात्र त्याला फार लागायचं. आपल्यावर भरवसा टाकून कोणीतरी कानात एक शब्द सांगावा, एवढीच त्याची हौस होती, आणि लग्नाला सहा वर्षं होऊनही ती फिटली नव्हती.

चौसष्ट सालच्या भादव्यात अंबूबाईंनी त्याची मोटर सांगितली. विधवा बाई, करारी, मोजकं बोलणारी. शेतात भुईमूग भरत आला होता आणि रानडुकरं उभं पीक उकरून टाकत होती. नवऱ्याच्या मागं त्याची एकनळी बंदूक बुलढाण्याला सरकारात जमा झाली होती. पीक राखण्याचा परवाना आता बाईंच्या नावावर झाला होता, तेव्हा ती घरी आणायची होती.

बुलढाण्याला जमादारानं नळी उघडून रिकामी असल्याची खात्री केली. मग बंदूक गोधडीत गुंडाळून मागच्या सीटच्या पायाशी आडवी ठेवली. काडतुसांचा डबा वेगळा, पुढं. परवाना बाईंच्या कमरेच्या पिशवीत. "बाई, ती सोडून कुठं जाऊ नका, आणि गावोगाव बोभाटा करू नका," जमादारानं बजावलं.

बाई सईदकडे वळल्या. "सईद, हे गावात फुटलं ना, तं लग्नात बार काढाले मांगाले येतीन सारे. कोनाकोनाले नाही म्हनू? नि दुसऱ्याच्या हाती गेली का परवाना गेला, परवाना गेला का भुईमूग गेला. तुह्यावर भरवसा ठेवून राह्यली मी."

भरवसा! सईदला एकदम हात दोन हात उंच झाल्यासारखं वाटलं. "गयाशपथ मावशी, मेलो तरी बोलनार नाही!"

आता थोडंसं बोलणं हे त्याला जन्मात जमलेलं नव्हतं. तेव्हा अजिबातच बोलायचं नाही, असं त्यानं ठरवून टाकलं.

चिखलीच्या स्टँडावर मोटरीला पाणी पाजायला थांबले. हॉटेलवाला पुंजाजी नेहमीसारखा ओरडला, "काय बे सईद, काय खबर?" सईदनं नुसती मान हलवली. "चहा घेतं?" मान हलवली. "तब्येत बरी नाही का बे?" यालाही मानच. पुंजाजीच्या हातातली गाळणी खाली पडली. सईद गप्प! अख्खा स्टँड उठून मोटरीभोवती आला. एकजण म्हणाला, दाढ असेल. दुसऱ्यानं ठासून सांगितलं की वाचा गेली. त्याच्या मामाची अशीच गेली होती. सईद घाम पुसत मोटरीत बसला आणि निघाला.

पण वाटेत इंजिन तापलं. ते निवेपर्यंत अमडापूरची एसटी धूळ उडवत पुढं गेली, आणि तिच्यातून ती वार्ताही गेली. मागं बसलेल्या अंबूबाईसुद्धा अस्वस्थ झाल्या. "बोल ना रे लेका कायी तरी. भेव वाटून राह्यलं मले." सईदनं ओठ आणखी घट्ट मिटले.

अमडापुरात दिवस कलताना ही गर्दी! बिलकिस पदरानं डोळे पुसत उभी. कोणी लिंबू घेऊन आलेलं, कोणी बाज. मोटर थांबते न थांबते तोच अर्जुनराव पाटील गरजले, "बोलता येत नाही त्याले! मांगच्या सीटवर निजवा, चिखलीले दवाखान्यात नेऊ!" दोघांनी मागचं दार उघडलं. एकाचा हात थेट गोधडीकडे गेला. अंबूबाईंनी गोधडीवर पाय दाबून धरला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आणि सईदचं तोंड उघडलं.

"अरे, काय झालं बे मले? धडधाकट हाओ मी! त्या पुंजाजीचा चहा म्हंजे कोमट पानी, तो पेल्यावर कोनाची वाचा राहीन? मिरची चढली ना बे चिखलीत! नि इंजिन असं तापलं, असं तापलं का त्याच्यावर भाकर शेकली असती. आन् पाटील, तुमचा जावाई भेटला ना बुलढान्याले, नवी सायकल घेतली त्यानं, पन घंटी नाही तिले..."

"बोलला रे बोलला!" पोरं नाचायला लागली. पाटील पोट धरून हसले. बाज आली तशी परत गेली. सईद बोलतच राहिला, बोलता बोलता त्यानं मोटर चालू केली, आणि सगळ्या गावाचे डोळे त्याच्या तोंडावर असताना गोधडी अंबूबाईंच्या दारी पोचली. बाई ती आत ठेवून, कुलूप लावून बाहेर आल्या. सईदच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "शब्द सांडला नाही रे तुनं."

घरी बिलकिसनं आधी त्याला पोटभर झापलं, मग जेवायला वाढलं. "हुआ क्या था?" तिनं विचारलं.

"कुछ था. मगर बोल नहीं सकता."

बिलकिस त्याच्याकडे बघतच राहिली. हे वाक्य तिनं या माणसाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ती उठली, दाराला कडी लावली आणि त्याच्या शेजारी येऊन बसली. "एक बात बोलूँ? अभी किसी को नक्को बोलना, नजर लगती." मग अगदी हळू म्हणाली, "अपने घर में मेहमान आनेवाला है. तीसरा महीना है. अम्मी को मालूम, आशाबाई को मालूम. एक तुमकोच नहीं बोली थी."

सईद ताडकन उठला. सवयीनं दाराकडे धावला, कडी काढली. समोर पारावर अजून निम्मं गाव बसलेलं होतं, आणि त्याच्याकडेच बघत होतं. त्यानं हळूच दार लोटलं, कडी पुन्हा घातली आणि बिलकिसजवळ जाऊन बसला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण तोंडातून हूं की चूं नाही.