या वेळी गाडी नीट बघून घ्या

मुलीला अठरा वर्षं पूर्ण झाली आणि दोन-तीन महिन्यांतच तिच्या हातात पक्कं लायसन्स आलं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर ती मला न विचारता शिकली आणि परीक्षेलाही एकटीच गेली. घरी येऊन तिने ते कार्ड माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं. म्हणाली, "बाबा, आता गाडी बघू या. मोठी नको, नवीपण नको. आजीला नेता-आणता आलं म्हणजे झालं."

आजी म्हणजे माझ्या सासूबाई. त्या बाळकुमला एकट्या राहतात. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना आठवड्यातून दोनदा ठाण्यात व्यायामासाठी न्यावं लागतं, आणि रिक्षात चढता-उतरताना त्यांचा अगदी जीव जातो. आम्ही ठाकुर्लीला, घरात मी आणि मुलगी दोघंच. मागणी इतकी रास्त होती की नाही म्हणायला मला कारण सापडेना.

बायको जाऊन अकरा वर्षं झाली. ती गाडीच्या अपघातात गेली आणि गाडी मी चालवत होतो. मुलगी तेव्हा सात वर्षांची, सुट्टीत आजीकडे राहिलेली. बायकोच्या सीटचा पट्टा जाम झाला होता, तो लागतच नव्हता, असं मी हॉस्पिटलात सासूबाईंना सांगितलं. मग भावाला, मग बिल्डिंगमधल्या लोकांना. मुलगी कळती झाल्यावर तिलाही तेच सांगितलं. पट्टा जाम नव्हता. मी खोटं बोललो होतो, आणि ते इतक्या वेळा बोललो की सांगताना जीभ अडखळायचीसुद्धा बंद झाली.

गाडी बघतोय हे कळल्यावर सासूबाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "या वेळी गाडी नीट बघून घ्या हो." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. मी म्हणालो, "हो आई, अगदी नीट बघतो."

आणि बघितली. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात माझं काम तयार माल तपासण्याचं. पंचवीस वर्षं मी खोट काढूनच पगार घेतलाय. फ्रिजवरचं लोहचुंबक रुमालात गुंडाळून मी खिशात ठेवायचो. गाडीच्या पत्र्यावरून ते फिरवायचं. कुठे ठोकर लागून पुट्टी भरलेली असली की चुंबक तिथे धरत नाही. बॉनेटच्या बोल्टवरचा रंग खरवडलाय का बघायचा, दाराचं रबर ओढून आतली वेल्डिंग बघायची, गालिचा उचलून गंज बघायचा. दर रविवारी आम्ही कल्याण-शीळ रस्त्यावरची जुन्या गाड्यांची दुकानं पालथी घालायचो. मुलगी एखाद्या गाडीत बसून स्टिअरिंगवर हात ठेवायची, आणि तेवढ्यात माझं नाक मुरडून झालेलं असायचं.

हिचे ब्रेक उशिरा लागतात. तिचा पत्रा पातळ. ही गडद रंगाची, संध्याकाळी ट्रकवाल्याला दिसणार नाही. एक गाडी सगळ्या बाबतीत चांगली निघाली, तर मी मालकाबद्दल शंका काढली. चौथ्या की पाचव्या रविवारी एक दलाल वैतागून म्हणाला, "साहेब, गाडी घेताय का मुलीला स्थळ बघताय?" मुलगी हसली. मला राग आला, आणि परत येताना मी तो तिच्यावर काढला. कॉलेज, अभ्यास, मोबाइल, जे हाताला लागलं त्यावरून बोललो. ती घराशी पोचल्यावर म्हणाली, "बाबा, तू गाडी शोधतच नाहीयेस. मला कळतंय का ते. पण आजी किती दिवस रिक्षाने जाणार?"

तिला कळलेलं कारण आणि खरं कारण यांत फरक होता. तिला वाटायचं, एका खराब गाडीने तिची आई नेली म्हणून बाबा प्रत्येक गाडीला घाबरतो. पोरगी त्या समजुतीने माझ्याशी इतकी जपून वागायची की मला स्वतःची लाज वाटायची.

शेवटी गाडी मिळाली ती दुकानात नाही, घरगुती. डोंबिवली पूर्वेला एक निवृत्त शिक्षक होते, दृष्टी अधू झाल्यामुळे गाडी विकत होते. पाच वर्षांची, पांढरी, एका हाती वापरलेली. चुंबक सगळीकडे चिकटलं. बोल्ट कोरे, रबर धड, गालिच्याखाली स्वच्छ. मला एकही खोट काढता येईना. सरांनी किल्ली मुलीच्या हातात दिली आणि म्हणाले, "जा, एक चक्कर मारून या दोघं."

मी तिच्या शेजारी बसलो. पट्टा लावायला गेलो तर खाचेत आधीच काहीतरी होतं. पट्ट्याच्या टोकाला असते तशी लोखंडी जीभ, पण मागे पट्टा नसलेली, नुसतीच खोचलेली. मी सरांना खिडकीतून विचारलं. ते सहज म्हणाले, "अहो, मिसेसना पट्टा काचतो. मग ती गाडी सारखी पिनपिन करते. हे खोचलं की गप्प बसते. बाजारात मिळतं, राहू द्या."

मी ती जीभ उपटून काढली, पट्टा लावला आणि मुलीला निघ म्हणालो. ती छान चालवत होती. आरसे बघत होती, खड्डा आला की आधीच वेग कमी करत होती. ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्याला लागल्यावर मी एकदम म्हणालो, "थांबव." ते लोखंड अजून माझ्या मुठीतच होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, गाडी बाजूला घेतली आणि बंद केली.

"बाबा, काय होतंय? डॉक्टरकडे जायचं का?"

मी नाही म्हणालो आणि सांगायला लागलो. त्या दिवशी आम्ही बाळकुमहून, तिला आजीकडे सोडून परत येत होतो. शीळफाट्याला पोलीस उभे दिसले. तेव्हा आपल्याकडे सगळेच करायचे ते मी केलं. तिच्या आईला म्हणालो, पट्टा ओढून धर. म्हणजे लावायचा नाही, फक्त छातीवरून पुढे ओढून हातात धरायचा, लांबून लावल्यासारखा दिसतो. तिने धरला. साडी चुरगळते म्हणून ती हसलीसुद्धा. पोलीस मागे पडले. ती म्हणाली, "लावूनच टाकते आता, हातात आहेच." मी म्हणालो, "सोड गं, नाका गेला."

तिने सोडला. पुढे काही मिनिटांतच समोरच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला. माझा वेग फार नव्हता. माझा पट्टा लावलेला होता, कारण ड्रायव्हरला पोलीस हमखास पकडतात. मला खरचटलं तेवढंच.

हे सगळं मी समोरच्या काचेकडे बघून बोललो. रडलो नाही. रडण्याचा हक्क मला आहे असं मला वाटत नव्हतं. बाजूने रिक्षा जात होत्या. मुलगी मग म्हणाली, "म्हणजे आईची गाडी चांगली होती."

"हो."

"आणि आईला लावायचा होता."

"हो."

ती खाली उतरली. पुढे वडापावच्या गाडीपर्यंत चालत गेली आणि तिथेच पाठमोरी उभी राहिली. मी आत बसून राहिलो. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा धुतलेला होता. गाडी सुरू करण्याआधी ती एवढंच म्हणाली, "मला आता काही बोलायचं नाहीये. पण आजीला तू सांगायचंस. मी नाही सांगणार, आणि तू सांगेपर्यंत मी तिला या गाडीत बसवणारपण नाही."

गाडी आम्ही घेतली. कागदपत्रं नावावर होईपर्यंत घरात आमचं बोलणं जेवण वाढण्यापुरतं होतं. माझ्या कपाळावर आठ्या पडल्या की पूर्वी ती चेष्टा करायची, तीही बंद झाली. मी रागावू शकत नव्हतो. कोणत्या तोंडाने रागावणार?

गाडी हातात आली त्या रविवारी सकाळी ती मला बाळकुमला घेऊन गेली. सासूबाई वॉकर धरून दारात आल्या. नातीने गाडी आणली म्हणून त्यांनी ओवाळायचं ताट तयार ठेवलं होतं. मी म्हणालो, "आई, आधी बसा, मला काही सांगायचंय." मुलगी स्वयंपाकघरात गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

मी सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. झाल्यावर त्या खूप वेळ वॉकरच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिल्या. मग विचारलं, "तिने हातात धरलेला?"

"हो."

"आणि तुमचा लावलेला?"

"हो, आई."

त्यांनी मान हलवली, जणू एखादा पत्ता नीट समजून घेतला. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नव्हतं. "त्या गाडीला मी अकरा वर्षं शिव्या घातल्या," त्या म्हणाल्या. मग नातीला हाक मारली, तिच्या हातात ताट दिलं आणि तिच्या खांद्यावर हात टेकून हळूहळू खाली गेल्या. चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, नातीला ओवाळलं. मी जिन्याच्या तोंडाशी उभा होतो. वर परतताना त्या माझ्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "मंगळवारी हिला पाठवा. तुम्ही येऊ नका."

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी मुलगी जाते. कॉलेज सांभाळून, न चुकता. आजी आता काठीवर चालायला लागली, असं ती जेवताना सांगते. माझ्याशी ती पुन्हा बोलू लागली आहे, थोडं थोडं. लग्न झाल्यापासून एकही दिवाळी अशी गेली नव्हती की मी बाळकुमला जाऊन सासूबाईंच्या पाया पडलो नाही, बायको गेली त्या वर्षीसुद्धा. या दिवाळीला मुलगी एकटीच गेली. मी घरी होतो. का आला नाहीत म्हणून त्यांचा फोन आला नाही.