बाई पास झाल्या

एम.टीएच.ला, म्हणजे धर्मशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाला, जायचं हे माझं ठरलेलं होतं. माझ्या बायकोचं नव्हतं.

आम्ही दोघं सेमिनरीत, म्हणजे पाळक तयार करणाऱ्या ख्रिस्ती कॉलेजात, एकाच वर्गात होतो. बी.डी. ही पदवी झाल्यावर लग्न केलं आणि कुरुंदवाडजवळच्या एका लहान ख्रिस्ती मंडळीवर मला पाळक म्हणून नेमलं. नव्वदीची सुरुवात होती. ती आपोआप पाळकीणबाई झाली. म्हणजे महिला मंडळ, संडेस्कूल, आजाऱ्यांच्या भेटी, घरात माझी आई आणि पुढं आमची मुलगी. वर्गात ती मला अरेतुरे करायची. लग्नानंतर आईसमोर अहोजाहो करायला लागली, आणि आई कायम समोरच असायची, त्यामुळं तिचं 'अरे' हळूहळू बंद पडलं.

एम.टीएच.च्या अटी मला तोंडपाठ होत्या. बी.डी.ला निदान दुसरा वर्ग हवा. त्यानंतर मंडळीत काही वर्षं सेवा केलेली हवी. मंडळीच्या वरिष्ठांची शिफारस हवी, आणि मग प्रवेश परीक्षा. मला बायबलचा जुना करार हा विषय घ्यायचा होता, तो मुळात हिब्रूत, म्हणून परीक्षेत हिब्रूचा पेपर. एवढं पार पडलं की दोन वर्षं बंगलोरला राहायचं. पहिल्या वर्षी वर्गापुढं निबंध वाचायचे, दुसऱ्या वर्षी प्रबंध, आणि शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर तोंडी परीक्षा. हे मी इतक्या वेळा लोकांना सांगितलं होतं, की मंडळीच्या पंचकमिटीतले शेतकरीही मला विचारायचे, "पाळकसाहेब, हिब्रू कुठवर आली?"

हिब्रू कुठंच आली नव्हती. पहिल्या वेळी मी तिच्यातच नापास झालो. बाकीचे पेपर चांगले गेले होते, पण न पाहिलेला उतारा समोर आला आणि अक्षरांखालचे ठिपके डोळ्यांपुढं मुंग्यांसारखे हलायला लागले. सेमिनरीनं कळवलं, पुढच्या वर्षी परत बसा.

बायको म्हणाली, "मी घेते तुमची हिब्रू. सकाळी, आई उठायच्या आधी."

सेमिनरीत ती हिब्रूत पहिली यायची. माझ्यासारख्याला ते खटकायचं, पण तेव्हा ती माझी कोणी नव्हती. आता ती चुलीवर दूध ठेवून माझ्यासमोर बसायची आणि क्रियापदं म्हणून घ्यायची. मी अडकलो की वाट बघायची. ते वाट बघणं मला चुकीपेक्षा जास्त झोंबायचं. मुलगी उठून मांडीवर येऊन बसली की तिला थोपटता थोपटता ती पुढचा शब्द सांगायची, पुस्तकात न बघता.

त्या वर्षी वरिष्ठांनी कळवलं की सेमिनरीला बायकांचे अर्ज हवे आहेत. आमच्या भागात बी.डी. झालेली बाई एकच होती. महिला मंडळ आणि संडेस्कूल ही सेवा धरायची का, यावर कमिटीत थोडी चर्चा झाली. मीच म्हणालो, धरायला हवी. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, दोघं जाऊ, मी पास होईन, तिला निदान परीक्षेचा अनुभव मिळेल.

मुलीला आईकडं ठेवून आम्ही मिरजेहून बंगलोरची गाडी पकडली. गाडीत ती खिडकीला डोकं लावून झोपली. मी रात्रभर पाठ करत बसलो. पेपर बरा गेला असं मला वाटलं. बाहेर आल्यावर मी विचारलं तर ती म्हणाली, "ठीक होता," आणि शेंगा विकणारा शोधायला लागली.

निकाल कमिटीचे सेक्रेटरी घेऊन आले. त्यांच्या भावाचा एसटीडी बूथ होता, फोन तिथं यायचा. मी अंगणात मुलीची वेणी घालून बघत होतो, जमत नव्हती. त्यांनी सायकल भिंतीला लावली आणि टोपी काढली.

"एक पास, एक नापास," ते म्हणाले.

"कोण?"

"बाई पास झाल्या."

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. मी हसलो. हसताना गाल दुखतात हे मला त्या दिवशी कळलं. आईनं सेक्रेटरींना चहा दिला आणि म्हणाली, "आता पोरीचं कोन बघनार?" मग कपबशी उचलता उचलता तीच म्हणाली, "मी हाय की. जाऊ दे तिला."

ती गेली. मी वेणी घालायला शिकलो. मुलीला शाळेत सोडायचं, सायकलीवरून घरभेटी करायच्या, रविवारी उपदेश. तिची पत्रं यायची. सेमिनरीच्या लायब्ररीत खिडकीजवळचं एक टेबल तिनं धरलंय, असं एकात होतं. झाडं दिसतात म्हणे. ते टेबल माझ्या मनातनं जाईना. उसाच्या फडाकडं बघत मी डब्यातली भाकरी खायचो, तेव्हा मला वाटायचं, माझ्या जागेवर ती बसलीय. तिनं पत्रातून काही विचारलं, एखाद्या वचनाचा अर्थ किंवा मराठी भाषांतरातला एखादा शब्द, तर मी पान भरून उत्तर लिहायचो. त्यात जेवढं ज्ञान दाखवता येईल तेवढं दाखवायचो. तिचं उत्तर यायचं, "खूप उपयोग झाला." मला ते मास्तरनं पाठीवर थाप मारल्यासारखं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात ती टेपरेकॉर्डर घेऊन आली. प्रबंधाचा विषय तिनं ठरवला होता. जुन्या करारात विलापगीत नावाचं पुस्तक आहे. नगर उद्ध्वस्त झाल्यावर केलेला शोक. तो शोक आणि आपल्याकडच्या बायका मयताला हेल काढून, शब्द जुळवून रडतात ते रडणं, दोन्ही शेजारी ठेवून बघायचं होतं. तिच्या सरांची अट होती की बायकांच्या तोंडचे शब्द तिनं स्वतः जमवून आणावेत.

मला वाटलं, हा विषय मला का सुचला नाही. मी तर किती मयतांना उभा राहिलो होतो.

मी तिला मागून आणलेल्या लुनावर बसवून गावोगाव नेलं. कुणाच्या घरी धनगराची म्हातारी, कुणाच्या घरी शेतकऱ्याची, एका घरी बौद्ध कुटुंबातली शिक्षिका, जिला आपल्या आजीचे शब्द आठवत होते. दारात गेलं की घरातल्या बायका मला म्हणायच्या, "पावणं, तुमी भायेर बसा." मी कडुनिंबाखाली बसायचो. आतून आधी हसण्याचा आवाज यायचा, मग बराच वेळ काहीच नाही, मग एक लांब हेल. बायको बाहेर यायची तेव्हा तिचे डोळे लाल असायचे आणि हातात कुणीतरी दिलेलं वांगं नाहीतर शेंगा असायच्या. मला कुणी पाणीसुद्धा विचारलेलं नसायचं.

मग ती दुपार आली. मी बाजारातून जरा लवकर परतलो. दार लोटलेलं होतं. आतून आईचा आवाज येत होता, पण तो आईचा वाटेना. मी पायरीवरच थांबलो.

माझे वडील दुसऱ्यांच्या उसाला पाणी पाजायचे, एका सरीचं मातीचं दार मोडून पाणी दुसरीत वळवायचे. मी कोल्हापूरला बोर्डिंगमध्ये शिकत होतो, तेव्हा ते छातीत कळ येऊन गेले. मी पोचलो तोवर माती झाली होती. तेव्हाच्या पाळकांनी सगळ्यांना सांगितलं होतं, आपला माणूस प्रभूकडे गेलाय, आपण इतरांसारखं रडायचं नाही, गीतं म्हणायची. आईनं गीतं म्हटली. मी तिला रडताना कधीच बघितलं नाही.

आत ती म्हणत होती, "माझ्या धन्या, उसाला पानी लावून आलतास, आता दारं कोन मोडंल? पोरगं शिकाय गेलंय, त्येला काय सांगू, बा निजलाय म्हनू? पाळकसायबानं सांगितलंय रडायचं न्हाय. मग ह्ये डोळ्यातलं पानी मी कुनाच्या वाफ्याला सोडू?"

ती थांबली. बायको अगदी हळू म्हणाली, "हे कुठं म्हणालात आई?"

"नदीवर. धुनं धुताना. कुनी नसलं की."

मी पायरीवर बसून राहिलो. माझ्या वडिलांसाठी आईनं केलेला शोक, आणि तो सुनेला मिळाला. मुलाला नाही. बायकोला हिब्रूत पहिला नंबर मिळाला, बंगलोर मिळालं, ते टेबल मिळालं. ते सगळं एका बाजूला आणि हे एका बाजूला. इतका हेवा मला आयुष्यात कुणाचाच वाटला नव्हता.

संध्याकाळी बायको मुलीला घेऊन बाहेर गेली तेव्हा मी आईजवळ बसलो. ती तांदूळ निवडत होती.

"मला कधी बोलली नाहीस," मी म्हणालो.

तिनं मी काय ऐकलं ते ओळखलं. "तू कवा इचारलंस?"

"विचारलं असतं तर बोलली असतीस?"

तिनं सूप झटकलं. "न्हाई. तू पाळक हाईस. पाळकाम्होरं कसं रडायचं?" आणि मग म्हणाली, "ती इचारती आनि गप ऱ्हाती. तू इचारलंस तर लगीच शास्तर सांगतोस."

रात्री जेवताना बायकोनं मला विचारलं, "तुम्ही पायरीवर होता ना?" मी हो म्हणालो. "हे प्रबंधात घालू का? तुम्ही नको म्हणालात तर नाही घालणार." मला नको म्हणायचं होतं. आईकडं बघितलं तर ती मुलीला घास भरवत होती. मी म्हणालो, "आईला विचार. तिचं आहे." आई म्हणाली, "घाल की. न्हाईतरी मी काय ल्हिनार हाय?"

तोंडी परीक्षेला मी मुलीला घेऊन बंगलोरला गेलो. आत फक्त परीक्षक आणि ती. आम्ही व्हरांड्यात बसलो. मुलीनं विचारलं, "आई काय करतीय?" मी म्हणालो, "तिला प्रश्न विचारतायत." "तुला नाही विचारले?" मी तिला लायब्ररी दाखवायला नेलं. खिडकीजवळच्या टेबलावर कुणी दुसराच मुलगा झोपला होता. परत आलो तेव्हा बायको बाहेर उभी होती, आणि परीक्षक तिच्याशी हात मिळवत होते. मला बघून ते म्हणाले, "तुम्ही खूप साथ दिलीत." मी मान हलवली.

घरी परतल्यावर तिचं काय करायचं हे कुणालाच कळेना. एम.टीएच. झालेली बाई आमच्या भागात आधी नव्हती. कमिटीनं तिचा सत्कार केला, शाल दिली आणि पुढच्या रविवारपासून संडेस्कूल परत तिच्याकडं दिलं. मी बी.डी. असून व्यासपीठावर, आणि ती बायकांच्या बाजूला सतरंजीवर. मला त्यात थोडं बरं वाटलं नाही असं नाही. उपदेश ऐकताना ती पवित्र शास्त्र उघडून ठेवायची, आणि मी एखाद्या वचनाचा अर्थ सैल सांगितला की तिचं बोट त्या ओळीवर थांबायचं. मला व्यासपीठावरून ते दिसायचं.

काही वर्षांनी कोल्हापुरात प्रचारकांसाठी एक लहान बायबल स्कूल सुरू झालं, आणि त्यांनी तिला जुना करार शिकवायला बोलावलं. माझी बदली शहरातल्या मंडळीवर झाली. दोन हजार सालाच्या पुढची गोष्ट. आता घरी विद्यार्थी यायचे आणि मला विचारायचे, "मॅडम आहेत का?" मी त्यांना बसवायचो, चहा टाकायचो. मॅडमचे मिस्टर, अशी माझी ओळख झाली.

एकदा तिनं मला वर्गात बोलायला बोलावलं. मुलांनी कधी कुणाला माती दिलेली नव्हती. त्यांना ते शिकायचं होतं. मी बोललो. घरात शिरल्यावर आधी कुणाजवळ जायचं, थडग्याच्या कडेला पाय कसा ठेवायचा, माती पडल्याचा आवाज आला की घरचे कुठं बघतात आणि आपण कुठं बघायचं, लहान मूल असेल तर काय म्हणायचं नाही. मुलं लिहून घेत होती. ती मागच्या बाकावर बसली होती. तीही लिहीत होती. मग तिनं लिहायचं थांबवलं आणि माझ्याकडं नुसती बघत राहिली.

शाहूपुरीतून चालत घरी येताना तिनं वही हातातच धरली होती. मी विचारलं, "चुकलं का काही?"

"नाही. फार चांगलं झालं." थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "मला कधी कुणी उभं केलं नाही तिथं. मातीच्या कडेला."

आमच्या मंडळीत बायकांना पाळकाची दीक्षा मिळत नव्हती, आणि दीक्षेशिवाय मातीचा विधी करता येत नव्हता. हे मला माहीत होतं. तिलाही लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. तिनं त्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती, म्हणून मला वाटायचं की तिला ते नकोच होतं.

"तुला हवं होतं?" मी विचारलं.

"तू व्यासपीठावर चढायचास ना, दर रविवारी," ती म्हणाली, "मी सतरंजीवर बसून दात आवळून ऐकायची."

ती मला 'तू' म्हणाली हे तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. कोपऱ्यावर भाजीवाली मेथी आवरत होती. बायको वाकून जुड्या निवडायला लागली आणि मी पिशवी उघडून धरली.