उतरलं की बंद पडणारा ट्रॅक्टर

रेवाची डाव्या पायाची चप्पल चार तुकड्यांत सापडली आणि माझी झोप उडाली.

तशी ती उडायला फार काही लागत नाही. बहारीनला आल्यापासून एसीतून ठिबकणारं पाणी, स्कूलबसचं दार, शेजारच्यांचं मांजर, सगळ्यांची काळजी आळीपाळीने करून झाली होती. पुण्यात दोन वर्षं कॉलेजात केमिस्ट्री शिकवलेली, आणि इथे कागदोपत्री ‘हाउसवाइफ’. "शिकलेल्या बाईला काम नसलं की ती काळजीत पीएच.डी. करते," असं माझा नवरा सुनील चारचौघांत सांगतो. चौघं हसतात. मीही हसते, कारण अर्धं खरं आहे.

पण चप्पल पूर्ण खरी होती.

कंपनीच्या आमच्या कंपाउंडात बारा व्हिला आणि मधे एक मोठं लॉन. माहूजला फ्लॅटात राहणाऱ्या मैत्रिणी म्हणायच्या, "तुमचं काय बाई, दारात हिरवळ." त्या हिरवळीवर गवत कापायला एक छोटा ट्रॅक्टर होता, बसून चालवायचा. पोटाखाली पातं गरगरायचं. माळी कुट्टी मधेच पाण्याचा पाइप सरकवायला खाली उतरायचा, तेव्हा इंजिन चालू, पातं चालू, आणि सीटवर कोणी नाही. अशाच एका वेळी ट्रॅक्टर आपला आपण हातभर पुढे गेला आणि लॉनवर पडलेली चप्पल त्याच्या पोटात गेली. चपलेची मालकीण, वय वर्षं साडेचार, वीस पावलांवर उभी होती. मी धावत पोचले तर तुकड्यांकडे बोट दाखवून म्हणते, "लुक आई, कोशिंबीर."

रेवाला मराठी सगळं कळतं. उत्तर इंग्लिशमध्ये येतं. पदार्थांची नावं तेवढी मराठी.

आमच्याकडे किस्से वाळूसारखे साचतात. आज उंबरा झाडावा, उद्या पुन्हा बोटभर थर. ट्रॅक्टरचे तर इतके साचले की दोनतीन सुपं भरून टाकल्याशिवाय मला मोकळं वाटणार नाही.

*

त्याच महिन्यात जुन्या ट्रॅक्टरने मान टाकली. कुणाच्या मरणाने इतकं बरं वाटू नये, पण वाटलं.

ऑफिसने कळवलं, नवा कुठला हवा ते रहिवाशांनीच ठरवून कळवा. झालं, कमिटी बसली. अध्यक्ष जोगळेकरकाका, फायनान्समधले, कंपाउंडात सर्वांत सीनियर. मेंबर सुनील, इन्स्ट्रुमेंट इंजिनियर. आणि इब्राहिमभाई, रत्नागिरीचे, वर्कशॉपमध्ये फोरमन. तिघांत यंत्राला हात काळे केलेला माणूस हा एकच, म्हणून त्यांना बोलायला सर्वांत कमी वेळ मिळायचा.

मी विचारलं, "मी येऊ का कमिटीत?"

काका म्हणाले, "तुम्ही कशाला त्रास घेता? हे सगळं टेक्निकल आहे."

त्यांच्या स्वयंपाकघरातून शोभाकाकूंचा आवाज आला, "टेक्निकल म्हणे. आमचा मिक्सर निवडायला ह्यांनी दोन दिवाळ्या घालवल्या. दोन्ही दिवाळ्यांची चटणी मी पाट्यावर वाटली."

पहिली मीटिंग तीन तास चालली. एकमताने एक ठराव झाला. पुढची मीटिंग इब्राहिमभाईंकडे, कारण तिथे बिर्याणी असते.

*

मनामाच्या डीलरने कॅटलॉग पाठवला. त्यातल्या प्रत्येक फोटोत बर्फ. लोकरीची टोपी घातलेला लालबुंद गोरा ट्रॅक्टरवर बसलाय, पुढे एक रुंद लोखंडी फावडं, आणि ते फावडं त्याच्या अंगणातला बर्फ लोटतंय. उन्हाळ्यात गवत कापा, हिवाळ्यात बर्फ काढा, घर एक, ट्रॅक्टर एक. बाहेर त्या दिवशी पंचेचाळीस डिग्री होतं. काका कॅटलॉगने वारा घेत फोटो बघत होते.

"हे फावडं सोडायचं नाही," ते म्हणाले.

इब्राहिमभाई म्हणाले, "सायेब, बहारीनात बर्फ फक्त सरबतात."

"मग वाळू लोटू. वादळानंतर पार्किंगमध्ये ढीग लागतात की नाही?"

यात चूक काही नव्हती, हीच पंचाईत. काकांचं एखादं म्हणणं बरोबर निघालं की पुढचे सहा महिने घरोघर पुरतं. त्या दिवसापासून ते भेटेल त्याला विचारायला लागले, "तुमच्याकडे वाळू कशाने काढतात? अजून झाडूच?"

*

माझं मागणं एकच होतं. माणूस सीटवरून उठला की पातं थांबलं पाहिजे. असे ट्रॅक्टर निघालेत, सीटखाली स्विच असतो, हे मी कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात वाचलं होतं. कमिटीत शेवटचं पान कोणी उघडलं नव्हतं.

काकांनी गुणांचा तक्ता केला होता. शंभरपैकी हॉर्सपॉवरला तीस. फावड्याला वीस. रंगाला दहा. कोल्ड्रिंकचा कॅन ठेवायच्या खाचेला दहा. माझ्या स्विचला पाच.

"कॅनला दहा आणि मुलांना पाच?" मी सुनीलला विचारलं.

"अगं, काका दोनच देत होते," तो म्हणाला. "मी भांडून पाच केले."

याच सुनीलचा पार्ट्यांमधला ठरलेला किस्सा असा. प्लांटमध्ये एखादा अलार्म उगाच सारखा वाजायला लागला की ऑपरेटर वैतागतात. मग हा शांतपणे जातो, दोन वायरी एकमेकींना जोडतो, वर काळी चिकटपट्टी गुंडाळतो. अलार्म गप्प. "आणि साहेब विचारतात, रिपेअर केलंस का? मी म्हणतो, समजूत काढली."

यावर सगळे पुरुष टाळ्या देतात. मीही एकेकाळी कौतुकाने ऐकायची.

*

ट्रायल झल्लाकला झाली. तिथल्या एका समुद्रकाठच्या हॉटेलच्या लॉनवर हेच मॉडेल चालत होतं, डीलरने ओळखीने परवानगी काढली. शुक्रवारी तीन गाड्या भरून आम्ही ट्रॅक्टर बघायला गेलो. डब्यात बटाटेवडे, थर्मासात चहा. मुलगी बघायलासुद्धा हल्ली कोणी इतके जात नाहीत.

काका पहिले चढले. सरळ गेले, वळायला विसरले, आणि हॉटेलच्या जास्वंदीत थांबले. उतरून म्हणाले, "स्टिअरिंग जड आहे. लिहून घ्या."

मग इब्राहिमभाई बसले. गोल फिरवून आणला, पातं चालू ठेवून माझ्याकडे बघितलं आणि सीटवरून नुसते अर्धे उठले. ट्रॅक्टर खाड्कन बंद.

"बिघडला," काका म्हणाले.

सेल्समनने सांगितलं, सर, ही सेफ्टी आहे.

"म्हणजे दर वेळी उतरलं की बंद आणि चढलं की पुन्हा चालू करायचा? कुट्टीचा अर्धा दिवस त्यातच जाईल."

"जाव दे," इब्राहिमभाई म्हणाले. "कुट्टीला कोण विमान पकडायचाय? वैनीची झोप जातंय ती तुमच्या तक्त्यात कुठं लिवलाव?"

काकांनी तक्त्यात बघितलं. खरंच नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझी काळजी कॉलमात घालायला निघालं होतं. घरी परतताना मी इब्राहिमभाईंना उरलेले सगळे वडे दिले.

*

काकांनी शिफारस लिहिली आणि युरोपातल्या हेड ऑफिसला फॅक्स गेला. दोन गोष्टी जादा मागितल्या होत्या. एक, बर्फाचं फावडं. दोन, कुट्टीच्या डोक्यावर कॅनव्हासचं छप्पर, कारण जूनमध्ये तो दुपारी गवत कापताना अक्षरशः वाळतो. छप्पर इब्राहिमभाईंनी घालायला लावलं होतं.

चार दिवसांत उत्तर आलं. फावडं मंजूर. छप्पर नामंजूर, चैनीची वस्तू.

वर सद्भावनेने एक ओळ होती, एवढ्या मोठ्या कंपाउंडला एक फावडं पुरेल ना?

*

ट्रॅक्टर आला. नारिंगी, चकचकीत. मी कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा सकाळपर्यंत झोपले. पण दुसऱ्याच दिवशी कुट्टी दारात.

"मॅडम, ये गाडी हमको आदमी नहीं समझता."

झालं होतं असं की सीटखालची स्प्रिंग कॅटलॉगातल्या त्या लालबुंद गोऱ्याच्या वजनाची. कुट्टी असेल पन्नास किलो, तोही खिशातल्या किल्ल्यांसकट. जरा खड्डा आला की तो सीटवर उडायचा, ट्रॅक्टरला वाटायचं माणूस उतरला, की बंद. एका फेरीत अकरा वेळा.

कमिटी पुन्हा बसली. शोभाकाकूंनी बासमतीचं वीस किलोचं पोतं सुचवलं. सीटवर पोतं, पोत्यावर कुट्टी. सगळ्यांना एकदम पटलं. ट्रॅक्टर सुरळीत चालायला लागला आणि काका म्हणाले, "बघा. साधा उपाय."

मी म्हटलं, "पण कुट्टी उतरला तरी पोतं बसलेलंच राहणार ना?"

"पोतं कुठे जाणार आहे?"

"तेच म्हणतेय मी, काका. ट्रॅक्टरला वाटेल माणूस आहे."

काकांनी तक्ता उघडून पुन्हा मिटला. मग सुनील हळूच म्हणाला, "हिचा पॉइंट आहे." पोतं उतरलं. शोभाकाकूंनी ते परत नेलं आणि महिनाभर त्यांच्याकडच्या भाताला किंचित डिझेलचा वास यायचा. आम्ही सगळे तरीही जेवलो.

*

आता माझ्यापुढे एकच मार्ग उरला होता. कुट्टीचं वजन वाढवणे.

मी त्याला रोज काहीतरी पाठवायला लागले. आज शिरा, उद्या साजूक तुपातले बेसनलाडू, परवा पुरणपोळी. सुनील म्हणायचा, "मला लग्नानंतर पुरणपोळी मिळायला दीड वर्ष लागलं."

"तू सीटवर बसतोस का?"

आणि काय सांगू, तिसऱ्या आठवड्यात तक्रार थांबली. ट्रॅक्टर सकाळपासून दुपारपर्यंत एकदाही न थांबता चालला. मी खिडकीतून बघतच राहिले.

"वजन वाढलं असेल," सुनील पेपरमधून मान वर न करता म्हणाला.

मी शोभाकाकूंना फोन करून सांगितलं. इतरही बायकांना सांगितलं. प्रयोग, निरीक्षण, निष्कर्ष, कॉलेज सोडल्यापासून असं समाधान मिळालं नव्हतं. कुट्टीला विचारलं, तर तो पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत म्हणाला, "लड्डू बहुत अच्छा, मॅडम."

तक्रार थांबली त्याच्या आदल्या शुक्रवारी सुनील ट्रॅक्टरची सीट पुसायला गेला होता, रेवाला मदतनीस म्हणून घेऊन. परत आली ती हातात काळ्या चिकटपट्टीचं रिकामं रीळ बांगडीसारखं घालून. मी म्हटलं, छान दिसते हो बांगडी. ती बापाकडे बघून हसली.

तेव्हा मी लाडू वळत होते.

*

इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून आमच्याकडे सगळे सण शुक्रवारी येतात. दसराही आला. शस्त्रपूजेला कोणाकडे शस्त्र नाही, म्हणून ट्रॅक्टर. काकांनी फावड्याला कुंकवाची बोटं लावली, हार घातला आणि फावड्याच्या धारेवर नारळ फोडला. त्या फावड्याचं बहारीनमधलं ते पहिलं काम.

त्याच आठवड्यात नाशिकचं एक कुटुंब राहायला आलं होतं. बाई माझ्याच वयाची, कडेवर दीड वर्षाचा मुलगा. ट्रॅक्टरकडे बघून तिने मला कानात विचारलं, "मुलं खेळतात हो इथे. भीती नाही वाटत?"

हा प्रश्न मला कोणीतरी विचारावा म्हणून मी किती महिने थांबले होते.

"आधी वाटायची," मी म्हटलं. "थांबा, दाखवते."

मी सगळ्या मुलांना पार भिंतीपाशी नेऊन उभं केलं. रेवाचा हात घट्ट धरला. कुट्टीला हार बाजूला सारून सीटवर बसवलं, इंजिन चालू करायला लावलं, पातंही. लॉनवर घरघर सुरू झाली. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, वर्गात सांगावं तसं सांगितलं, की आता कुट्टी खाली उतरेल आणि काय होतं ते बघा.

"कुट्टी, उतर जाओ."

कुट्टी उतरेना. त्याने सुनीलकडे बघितलं. सुनील आकाशात बघत होता, तिथे काही नव्हतं. काका नारळाच्या शेंड्या गोळा करायला वाकले. इब्राहिमभाईंनी आधी कुट्टीकडे बघितलं, मग सुनीलकडे, आणि हातातली प्रसादाची वाटी खाली ठेवली.

"उतर रे," ते म्हणाले.

कुट्टीने एक पाय जमिनीवर टेकवला. तेवढ्यात रेवाने हात ओढून मला खाली वाकवलं, तो सोडवून दोन्ही तळव्यांनी माझं तोंड आपल्याकडे वळवलं आणि अगदी स्वच्छ मराठीत म्हणाली,

"आई, तू नको बघू. बाबा म्हणाले, आईने बघितलं तर तिला झोप येणार नाही."