आत्याने काढलेला खो-खोचा नकाशा

माझ्या मोठ्या आत्याला 'नाही' हा शब्द ऐकू येत नाही. तसे तिचे कान उत्तम आहेत. शेजारणीच्या कुकरला शिट्टी व्हायच्या बेतात आहे हेसुद्धा तिला आमच्या ओट्यावर बसून कळतं. पण समोरचा माणूस 'नाही' म्हणाला की तेवढाच शब्द वाऱ्यावर जातो आणि आत्या शांतपणे विचारते, "मंग कवळ येऊ?" म्हणजे, मग कधी येऊ? धुळ्याच्या एसटी स्टँडवर तिने उभा जन्म चौकशीच्या खिडकीत आणि माईकसमोर काढला. गाडी नाही असं ऐकायला तयार नसलेली माणसं रोज समोर उभी. त्यांच्याशी वाद घालता घालता तिला त्यांचीच लागण झाली असावी, असं माझे वडील म्हणायचे. निवृत्त झाल्यावर ती जळगावला आमच्याकडे राहायला आली, तेव्हा पेटी एकच होती, पण आवाज मात्र आख्ख्या स्टँडचा होता. जेवायला बोलवायचं तर ती स्वयंपाकघरातून जाहीरच करते, "वरण-भात लागेल शे, बठ्ठा या." 'सगळे या' असं ऐकून तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ एकदा खरोखरच उठून आले होते. आत्याने त्यांनाही वाढलं.

तिची दुसरी खोड खो-खो. शाळेत असताना ती धुळ्यात नावाजलेली खेळाडू होती. साखळीत शिरली की सापडायची नाही, असं तिच्या वयाच्या बायका अजून सांगतात. मग आजोबा गेले, त्यांच्या जागी एसटीत तिला नोकरी मिळाली, पाळ्या सुरू झाल्या आणि खेळ सुटला. कोणी थांबवलं नव्हतं, त्यामुळे कोणावर राग धरायचीही सोय नव्हती. तो खेळ मग असाच अधूनमधून बाहेर पडायचा. धरणगावला एका लग्नात सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. आत्याने मागून जाऊन एका ऐसपैस बसलेल्या बाईच्या पाठीवर थाप मारली आणि "खो" म्हणाली. ती बाई ताडकन उठून दोन पावलं पळाली. आत्या खुर्चीत बसली. मी ओशाळून माफी मागायला गेलो, तर ती बाई हसत होती. म्हणाली, "आमच्या शाळेतबी असाच खेळ रंगायचा, भाऊ." आत्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मला वाटतं, पुढच्या सगळ्या उद्योगाचं मूळ त्या खुर्चीत आहे.

दुसऱ्याच दिवशी ती आमच्या भागातल्या मैदानाची व्यवस्था पाहणाऱ्या साहेबांकडे गेली. मी स्कूटर घेऊन बरोबर, कारण माझ्या सुट्ट्यांवर तिचाच हक्क होता. चाळिशी-पन्नाशीच्या बायकांसाठी खो-खो सुरू करायचा, मैदान सकाळी द्या, असं तिने सांगितलं. साहेब माणूस भला होता. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "ताई, पोरींचा खो-खो असता तर गोष्ट वेगळी. या वयाच्या बायकांकडून मागणीच नाही. क्रिकेटवाले रोज दारात उभे असतात. तुम्ही मला मागणी दाखवा, मी मैदान देतो." यातला 'नाही' आत्याला अर्थातच ऐकू आला नाही. तिला फक्त 'दाखवा' ऐकू आलं.

घरी येऊन तिने माझ्याकडून फोनमध्ये एआयचा तो मदतनीस टाकून घेतला. त्याचं नाव तिने शहाणाभाऊ ठेवलं. ती त्याच्याशी खणखणीत अहिराणीत बोलायची आणि तो नम्रपणे पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचा. पहिल्याच दिवशी तिने त्याला फर्मावलं, "शहाणाभाऊ, जळगाव आनि धुळा जिल्हामा कोनता कोनता गावनी बायास्ले खो-खो खेळना शे, त्याना नकाशा काढी दे."

तो म्हणाला, "ही माहिती माझ्याकडे नाही. शाळांच्या स्पर्धांच्या काही बातम्या मिळतील, पण गावातल्या बायकांना काय हवं आहे, हे त्यांवरून कळणार नाही. मी नकाशावर ठिपके दिले तर ते अंदाजाने दिलेले असतील."

"तू बी त्या साहेबनासारखाच बोलस," आत्या म्हणाली. "माले नही सांगू नको. कसं करानं ते सांग."

मग त्याने सांगितलं की गावं निवडा, स्वतः जाऊन विचारा, जे उत्तर येईल ते लगेच नकाशावर मांडा. आत्याला हे पटलं, कारण तिला तसंही जायचंच होतं. तिने दोन्ही जिल्ह्यांचा मोठा नकाशा आणून आमच्या फ्रिजच्या दारावर चिकटवला आणि माझ्या बायकोच्या ड्रॉवरमधली टिकल्यांची पाकिटं ताब्यात घेतली. हो म्हटलं त्या गावाला लाल टिकली, नाही म्हटलं तर काळी. बायको काही दिवस बिनटिकलीची ऑफिसला गेली.

सुरुवात असोद्यापासून झाली. एका केळीवाल्या शेतकऱ्याच्या अंगणात आम्ही बसलो. आत्याने सुनांना विचारलं, "खो-खो खेळाल का?" सुना एकमेकींकडे बघून पदरात हसल्या आणि सासूबाईंनी परस्पर निकाल दिला. "सुनाइले कुठी टाइम हाये व बाई? पहाटपासून केळीच्या वावरात असतात." पुढच्या घरीही तेच झालं. धरणगावात तर एका घरी बायकांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आतल्या खोलीतून पुरुषाने दिलं. नकाशावर काळ्या टिकल्या वाढत गेल्या. एका संध्याकाळी आत्या फ्रिजसमोर स्टूल टाकून बसली होती. पाणी घ्यायलासुद्धा कोणाची जायची हिंमत होईना. शेवटी ती फोन हातात घेऊन म्हणाली, "शहाणाभाऊ, बठ्ठा गाव काळा व्हयी गया. साहेबनं म्हननं खरं व्हतं का?"

त्याने विचारलं, "तुम्ही नेमका काय प्रश्न विचारता? आणि उत्तर कोण देतं?" आत्याने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "खेळाल का, असं चारचौघांत विचारलं तर 'नाही' म्हणणंच सोपं असतं. त्याऐवजी शेवटचं कधी खेळलात, कोणाबरोबर, असं विचारून बघा. आणि जी सगळ्यांच्या वतीने उत्तर देते, तिला आधी तिचं स्वतःचं विचारा. तरीही उत्तर 'नाही'च येऊ शकतं, हे धरून चला."

शेवटचं वाक्य आत्याला ऐकू आलं नाही. आम्ही पुन्हा असोद्याला गेलो, त्याच अंगणात. या वेळी आत्याने सुनांकडे पाहिलंसुद्धा नाही. सासूबाईंना म्हणाली, "अक्का, तुम्ही शाळंमा काय खेळेत?"

अक्का गहू निवडत होत्या. हात थांबला. "मी? मी चौथीपर्यंतच शिकेल हाये. पन खांबाले हात लावला का मंग कोनाच्या बापाले सापडायची नाही."

"वळसा उजवीकडून घ्यायच्या का डावीकडून?"

"तसं नसते ते," अक्का म्हणाल्या आणि सूप बाजूला ठेवून उठल्या. अंगणातल्या शेवग्याच्या झाडाला त्यांनी एका हाताने विळखा घातला, कमरेतून झुकल्या आणि गर्रकन फिरून दाखवलं. पायातली चप्पल गोठ्यापाशी गेली. सुना कामं टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या. धाकटी सासूला म्हणाली, "आत्याबाई, मीबी कॉलेजात होती ना टीममध्ये." अक्का तिच्याकडे बघतच राहिल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं. मग दोघी त्या झाडाभोवती वळसा कसा घ्यायचा यावर आमच्यादेखत भांडू लागल्या, आणि आत्या मधे पंच म्हणून उभी राहिली. त्या दिवशी असोद्यावरची काळी टिकली तिने नखाने खरवडून काढली. तिथे कागदाबरोबर फ्रिजचा रंगही थोडा निघाला.

त्यानंतर आत्या सुटलीच. धरणगाव लाल झालं. मग ती पिंपळनेरला गेली आणि तिथून जीपने आणखी आतल्या एका पाड्यावर. तिथल्या बायकांना विचारावंच लागलं नाही. कामावरून आल्यावर त्या शाळेच्या मैदानात खेळतच होत्या. फक्त खेळ वेगळा होता. एकजण म्हणाली, "मावशी, आमले व्हॉलीबॉल जोयजे. जाळी फाटी गई." आत्याने खो-खोची थोरवी पुष्कळ सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, तिला चहा दिला आणि पुन्हा व्हॉलीबॉल खेळायला गेल्या.

घरी येऊन ती तिथे लाल टिकली लावायला निघाली. लावण्याआधी शहाणाभाऊला सांगावं म्हणून सांगितलं, तर तो म्हणाला, "त्यांनी व्हॉलीबॉल मागितला आहे. तो खो-खो म्हणून धरला तर नकाशा चुकीचा होईल." आत्याने फोन पालथा घातला. पुढे काही दिवस तिने त्याच्याशी अबोला धरला. यंत्राशी अबोला धरणारी आणि त्याला तो जाणवावा म्हणून मधूनमधून मोठ्याने सुस्कारे टाकणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मग एका सकाळी चहा करायला गेलो तर पिंपळनेरच्या बाजूला हिरवी टिकली दिसली. मी वळून आत्याकडे पाहिलं. तीच म्हणाली, "त्यास्नं त्यास्ले. खोटं कसाले सांगानं?"

तो नकाशा गुंडाळून आम्ही साहेबांकडे गेलो. त्यांनी टेबलावर पसरून बराच वेळ पाहिला. लाल टिकल्यांबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. काळ्या राहिल्या होत्या त्यांवरून बोट फिरवलं आणि हिरवीवर येऊन थांबले.

"हे काय, ताई?"

"व्हॉलीबॉल. माझं नाही, पण आहे. त्यांना एक जाळी हवी आहे," आत्या तिच्या चौकशीच्या खिडकीतल्या मराठीत म्हणाली.

साहेब खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, "मागणी दाखवायला इथे पुष्कळ लोक येतात. जिथे मागणी नाही किंवा दुसऱ्याचीच आहे, ते कोणी दाखवत नाही." रविवारची सकाळ त्यांनी दिली. जाळीचंही बघतो म्हणाले, आणि पुढे खरोखर बघितलं.

पहिल्या रविवारी आत्या उजाडायच्या आत मैदानावर होती. कोणी येईल की नाही, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच पाहिला. मग असोद्याहून केळीची गाडी आली. मागच्या बाजूला अक्का, दोन्ही सुना आणि शेजारपाजारच्या बायका दाटीवाटीने उभ्या होत्या. धरणगावच्या बायका एसटीने आल्या. चुन्याच्या रेघा मारल्या, साड्यांचे ओचे खोचले गेले. एकीआड एक उलट तोंड केलेल्या रांगेत आत्या बसली, तेव्हा खाली बसायलाच तिला थोडा वेळ लागला. खेळ सुरू झाला. कोणीतरी तिच्या पाठीवर थाप दिली आणि ती उठली. गुडघ्याने आपलं म्हणणं मांडलं असणार. पण ती पळाली, पुढे असोद्याची धाकटी सून, तिच्या मागे आत्या, आणि खांबापाशी हात लांबवताना तिचा अंदाज चुकला. ती आडवी झाली. मी धावलो. ती मातीत बसूनच म्हणाली, "थोडक्यात निसटी गयी ती." तेवढ्यात अक्कांनी येऊन तिला हात दिला, आणि दोघी एकमेकींना धरून हळूहळू उभ्या राहिल्या.

आता तिथे दर रविवारी खेळ असतो. डॉक्टरांनी पळायला मनाई केल्यापासून आत्या शिट्टी घेऊन कडेला बसते, आणि हा एक 'नाही' तिला ऐकू आलेला दिसतो. पण त्या पहिल्या दिवशी घरी आल्यावर तिने दारातच बूट काढले, पदर झटकला, तर पांढऱ्या फरशीवर मैदानाची माती सांडली. बायको केरसुणी घेऊन आली. आत्या भिंतीला टेकून बसली होती, पाय लांब करून, शाळेतून आलेल्या मुलीसारखी.

"राहू दे व माय," ती हळूच म्हणाली. "आज राहू दे. उद्या झाडजो."