डिंडोलीचा प्लॉट आणि डोंगर चढणारी गाडी

नंदुरबारहून सुरतेला जाणारी पॅसेंजर वेळेवर सुटली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती की या प्रवासात काहीतरी विपरीत घडणार. पण मी खिडकीशी बसून शेंगा सोलत होतो आणि स्वतःवर बेहद्द खूश होतो. कारण मी काही साधा प्रवासी नव्हतो. मी न्यायनिवाडा करायला निघालो होतो.

खटला असा. माझे साडू मधुकरराव सुरतेत पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये (कापडाला रंग देण्याचा कारखाना) डाईंग मास्टर आहेत. त्यांची पत्नी सुनंदा ही माझी धाकटी मेहुणी. दोघांनी पोटाला चिमटा काढून डिंडोलीत एक प्लॉट घेऊन ठेवला होता आणि घर बांधायचं या एका वाक्यावर सुनंदाने भाड्याच्या दोन खोल्यांत आठ वर्षं काढली होती. आता मधुकररावांच्या मनात आलं की प्लॉट विकावा आणि बाजारात नवीनच आलेली एक दणकट गाडी घ्यावी. डोंगर चढते, नदी ओलांडते, चारही चाकं ओढतात. प्लॉटला गिऱ्हाईकही मिळालं होतं. ते सोमवारी बयाणा घेऊन येणार होतं. सुनंदाने माझ्या बायकोला एसटीडीवरून निरोप दिला, "दाजींना पाठव. त्यांनी नाही म्हटलं की हे ऐकतील."

मलाच का? तर मी पाटबंधारे खात्यातला ओव्हरसियर. धरणं, कालवे, नाले यांच्या काठाकाठाने अठरा वर्षं सरकारी जीपमधून फिरलेला. त्यामुळे जीपसारख्या कुठल्याही वाहनाविषयी आमच्या नात्यात माझा शब्द शेवटचा. एकच बारीकशी गोष्ट मी नात्यात कधी कुणाला सांगितली नाही. ती अठरा वर्षं मी डाव्या बाजूला बसून होतो. गाडी ड्रायव्हर चालवायचा. क्लच कोणत्या पायाने दाबतात ते मला आजही सांगता येणार नाही. पण न्यायाधीशाला चोरी करता यावी, अशी अट कुठे असते?

सुरत स्टेशनाबाहेर आलो आणि दचकलोच. प्लेगच्या साथीच्या त्या वर्षानंतर या शहराने स्वतःला असं काही घासूनपुसून काढलंय की पिचकारी टाकायला माणसाने जावं कुठे? रस्ते रुंद, कचरा गायब, झाडूवाले सकाळ-संध्याकाळ. आणि नेमक्या याच शहरात, आयुष्यात पहिल्यांदा रस्ते सुधारलेले असताना, माझ्या साडूला रस्ता नसतानाही चालणारी गाडी हवी होती. मी रिक्षात बसल्या बसल्या निकाल लिहून टाकला : दावा फेटाळला.

रिक्षावाला निघाला अमळनेरचा. उधना ओलांडून डिंडोलीच्या तोंडाशी त्याने रिक्षा थांबवली.

"काका, इथून पायी जा."

"का? पुढे रस्ता नाही?"

"रस्ता शे ना. पण तो माणसांसाठी शे, रिक्षासाठी नाही."

पुढे खरोखरच खड्डे, धूळ आणि गटाराचं वाहतं पाणी असा त्रिवेणी संगम होता. सांडपाण्याने पायजम्याचे पाय भिजले. मधुकरराव समोरून हसत आले आणि माझ्या पायांकडे बोट दाखवून म्हणाले, "आला ना साक्षीदार? आता बोला साडूभाऊ, गाडी पाहिजे का नको?"

"दाजी, लक्ष नका देऊ," दारातून सुनंदा म्हणाली. "सगळी डिंडोली ह्याच रस्त्याने चालते. ह्यांनाच तेवढं उडायचंय."

संध्याकाळी पोंक खाल्ला. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच. पण सुरतेत हुरड्याचेही लाड होतात. त्याच्यासोबत लिंबू-मिऱ्याची शेव, लसणाची शेव, वर साखरेचे दाणे आणि पेलाभर ताक. मी तीन वाट्या खाऊन चौथीकडे बघत होतो, तेव्हा सुनंदा हळूच म्हणाली, "उद्या तुम्ही फक्त एकदा 'नाही' म्हणा, दाजी. एवढंच."

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. पोंक खाल्लेल्या माणसाने शब्द देऊ नये, हे मला आता कळतं.

रविवारी सकाळी शोरूमचे विक्रेते हसमुखभाई गाडी घेऊन आले. गाडी गल्लीत शिरेना. दोन ओटे, एक हातपंप आणि एक निजलेली म्हैस आड आली. डोंगर चढणारी गाडी म्हशीपुढे हात टेकून गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. तरी काय तिचा रुबाब! हिरवागार रंग, पाठीवर ढालीसारखं जादा चाक आणि पुढे जाडजूड लोखंडी गार्ड. वाटेत गेंडा आडवा आलाच तर असावा म्हणून. सुरतेत गेंडे किती आहेत याची मला कल्पना नाही, पण सावध असलेलं बरं.

"मास्टर, आ तो हाथी छे, हाथी!" हसमुखभाई बोनेट थोपटत म्हणाले.

"मग चारा किती खातो तेही सांगा," सुनंदा म्हणाली.

ॲव्हरेज ऐकून मी खोकलो. मग चढण्याचा कार्यक्रम झाला. मधुकरराव उडी मारून चढले. मला हसमुखभाईंनी खालून आधार दिला. सुनंदाचा पाय काही केल्या पायरीला पोचेना, तेव्हा शेजारणीने घरातून जेवायचा पाट आणून दिला. नदी ओलांडणाऱ्या त्या गाडीत माझी मेहुणी पाटावर पाय देऊन चढली, आणि तो पाट उतरताना लागेल म्हणून मांडीवर घेऊन बसली.

निघताना हसमुखभाईंनी अट घातली. अर्धं हिंदी, अर्धं गुजराती. "देखो, टेस्ट छे ने, तो गाडी रोड से नीचे नहीं उतारवानी. मालिक का हुकम है."

म्हणजे रस्ता सोडून चालणारी ही गाडी रस्ता सोडायचा नाही या अटीवर मिळाली होती. पोहण्याची परीक्षा काठावरून घेतात, तसं. मी मधुकररावांकडे पाहिलं. ते ऐकतच नव्हते. त्यांनी दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरलं होतं आणि चेहऱ्यावर, आमचं लग्न लागलं तेव्हा माझ्याही नव्हतं, असं तेज होतं.

कामरेजपर्यंत हायवे. दोन्ही बाजूंना उसाची शेतं. अशा रस्त्यावर बैलगाडीसुद्धा विमानासारखी चालते. तिथे टपरीवर मी हसमुखभाईंना फाफडा, कढी आणि दोन कप चहा पाजला आणि सरकारी आवाजात म्हणालो, "भाई, मी अठरा वर्षं जीपमधला माणूस. वाळूत उतरल्याशिवाय मी मत देत नसतो."

फाफड्यापुढे मालकाचा हुकूम टिकला नाही. आम्ही तापीच्या काठाने पायवाटेवर उतरलो. हसमुखभाईंनी चारही चाकं जोडणारा दुसरा दांडा खाली ओढला आणि पुढे जे झालं ते मला थट्टेने सांगता येत नाही. गाडी वाळूत शिरली, गोट्यांवरून गेली, गुडघाभर पाण्यातून संथ चालत पलीकडच्या दरडीवर चढली. नुसती चढली! मी सरकारी जीपमधून अशाच दरडीवर तीनदा खाली उतरून धक्का मारलेला माणूस. माझ्या कंबरेच्या दोन मणक्यांना खात्याने अजून भरपाई दिलेली नाही. आणि ही बया कुरकुर न करता मला वर घेऊन आली. माझ्या तोंडून निघून गेलं, "वसूल! पैसे वसूल, मधुकरराव! घ्याच!"

मी वळून पाहिलं. मागच्या सीटवर सुनंदा मांडीवरचा पाट दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे बघत होती.

गाडी चिखलाने माखली होती. तशीच परत नेली तर मालक फाडून खाईल म्हणून हसमुखभाईंनी पँट वर खोचली आणि तापीचं पाणी बादलीने मारून ती धुतली. भर दुपारचं ऊन. गाडी वाळत होती, मधुकरराव तिच्याभोवती प्रदक्षिणा घालत होते आणि मी सुनंदाची नजर चुकवून पात्रातले बगळे मोजत होतो.

तेवढ्यात प्रदक्षिणा थांबली. मधुकररावांनी उन्हाकडे पाठ केली, मान तिरपी केली, डोळे अर्धे मिटले. कारखान्यात कापड बघताना ते असेच उभे राहतात.

"सुनंदा, हाई काय शे वं?" (हे काय आहे गं?) ते घरच्या अहिराणीत म्हणाले. "इकडे ये. पदर दे."

ती पाट घेऊन उतरली. त्या दिवशी तिच्या अंगावर त्यांच्याच कारखान्यातली हिरवी साडी होती. त्यांनी तिचा पदर घेऊन बोनेटवर धरला. पुढच्या दारावर धरला. मग मागच्या दारावर धरला आणि तसाच धरून राहिले.

"लॉट वेगळा आहे," ते म्हणाले. लॉट म्हणजे एका वेळी रंगवून निघालेला माल.

मला काही दिसेना. हिरवं ते हिरवं. "अहो, तेच तर आहे."

"तुम्हाला दिसणार नाही. बोनेटचा लॉट निळसर आहे, ह्या दाराचा पिवळट. हे दार नंतर रंगवलंय." ते हसमुखभाईंकडे वळले. "शोरूममध्ये ट्यूबलाइटखाली दाखवली ना तुम्ही! ट्यूबखाली पास झालेला माल उन्हात नापास होतो, हे मी रोज पोरांना शिकवतो. आणि मीच ट्यूबखाली पसंत केली."

हसमुखभाईंचं हसू पहिल्यांदा ढळलं. गाडी ट्रकमधून उतरवताना दार जरासं घासलं होतं, फक्त जरासं, म्हणून तर बुकिंगची रांग मोडून ती मास्टरना लगेच मिळत होती. मग त्यांना युक्ती सुचली. "एमां शुं, मास्टर? आखी गाडी काळी करी आपीए!" (त्यात काय एवढं? अख्खी गाडी काळी करून देतो!)

मधुकरराव इतके मोठ्याने हसले की बगळे उडाले. "अरे भाई, बिघडलेला लॉट काळ्यात मारायचा, हा आमचा धंदा! सुरतेतला निम्मा काळा माल आधी कुठल्यातरी दुसऱ्या रंगाचा असतो. मला काळा दाखवताय?"

पण हसमुखभाई काही कच्चे नव्हते. त्यांनी गाडीची किंमत उतरवली. मग आणखी उतरवली. मधुकररावांचं हसू थांबलं. त्यांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा त्या दरडीकडे, आणि मग माझ्याकडे. "साडूभाऊ, सेकंड माल सेकंडच्या भावात. आता काय म्हणता? आता तर घ्यायला हरकत नाही ना?"

सुनंदाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेच फार लागलं.

"मधुकरराव," मी म्हणालो, "मला गाडी चालवता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कधीच आली नाही. अठरा वर्षं मी शेजारी बसून होतो. माझ्या मताला काडीची किंमत नाही. मत विचारायचं तर हिला विचारा, प्लॉट हिचा पण आहे."

आठ वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नसावा. कारण मधुकररावांना तो विचारायला बराच वेळ लागला. "काय गं? तू काय म्हणतेस?"

"हिच्यात चढायला मला पाट लागतो," सुनंदा म्हणाली. "घराची पायरी मी माझ्या मापाची ठेवीन."

परतीच्या वाटेवर गाडी हसमुखभाईंनी चालवली. डिंडोलीच्या तोंडाशी उतरल्यावर मधुकररावांनी एकदाच तिच्या बोनेटवरून हात फिरवला. निळसर लॉटवरून. आणि गल्लीत शिरले.

सोमवारी सकाळी प्लॉटचं गिऱ्हाईक बयाणा घेऊन आलं. मधुकररावांनी हात जोडून त्याला परत पाठवलं. ते गेल्यावर सुनंदा म्हणाली, "दाजी, गाडीतलं नाही कळत, पण घराची आखणी तर येते ना?"

आखणी! अहो, ती माझी भाकरी. शेजारच्या गवंड्याकडून टेप, दोरी आणि पाटीभर चुना आणला. तीन-चार-पाचचा काटकोन काढला, खुंट्या ठोकल्या. मधुकरराव दोरीचं दुसरं टोक धरून फुरंगटल्यासारखे उभे होते. सुनंदाने पायरीच्या जागी पाऊल उचलून दाखवलं, "एवढी." मी मोजलं. सहा इंच.

ती चहा आणायला गेली तसे मधुकरराव दोरी सोडून माझ्या कानाशी आले. "साडूभाऊ, फाटक जरा मोठं आखा."

"किती मोठं?"

त्यांनी गाडीची रुंदी इंचात सांगितली. पाठ होती. वर म्हणाले, "दोन्ही बाजूंना हातभर जास्त. आरसे असतात. आज नाही, पण पुढेमागे..."

आता मी काय करावं? आदल्या दिवशी एकाला फसवून झालं होतं, दुसरीला फसवून झालं होतं. मी चुन्याची मूठ भरली आणि हत्ती जाईल असं फाटक आखून टाकलं. चहा घेऊन आलेल्या सुनंदाने विचारलं, "एवढं मोठं फाटक?"

"हवा खेळती राहते," मी म्हणालो.

दुपारी दोघे मला पोचवायला स्टेशनावर आले. मधुकरराव माझ्यासाठी घारी (खवा घातलेली सुरतेची मिठाई) आणायला गेले तेवढ्यात सुनंदाने पोळीभाजीचा डबा माझ्या हातात दिला आणि अगदी सहज म्हणाली, "दाजी, तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी चुना पुन्हा टाकला. फाटक स्कूटरपुरतं ठेवलंय. ह्यांना नका सांगू. भिंत झाली की कळेलच."

आगगाडी सुटली. नवापूर जवळ आलं तशा खिडकीबाहेर टेकड्या दिसू लागल्या. त्यांच्या अंगावर चढत जाणाऱ्या लाल पाऊलवाटा, कोरडे नाले. खरं सांगतो, त्या प्रत्येक वाटेवर मला ती हिरवी गाडी दिसत होती, आणि तिच्यात पैसे वसूल होते की नाही हे एकदा विचारून बघा, मी अजूनही चटकन "हो" म्हणेन. तेव्हा मला विचारू नका. मी डबा उघडला, पोळीचा तुकडा मोडला आणि मनातल्या मनात मेहुणीला नमस्कार केला. अठरा वर्षं कालव्यांच्या आखण्या केल्या, पण माझी चूक साइटवर येऊन, न बोलता, इतकी नेमकी दुरुस्त करणारा एकही इंजिनिअर सरकारने मला कधी दिला नाही.