किनवटचा गोल

रविवारी आमच्या घरात कामाची वाटणी ठरलेली होती. मायलेकी मॅचला जायच्या आणि मी मटण शिजवायचो. गुडीहत्नूरच्या शाळेत पोरांना बीजगणित शिकवणारा मास्तर रविवारी खोबरं भाजत बसतो, याचं शेजाऱ्यांना फार हसू यायचं. हसा म्हणा. मला खेळातलं कळत नाही आणि बायकोला मटणातलं कळत नव्हतं. ज्याचं काम त्यानं करावं, यात काय बिघडलं?

पोरगी उटनूरला इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीच्या कॉलेजला आहे, रोज बसनं जाते. तिथल्या व्यायामाच्या सरांनी मुलींचा एक फुटबॉल क्लब काढलाय, त्यात ती सगळ्यात पुढं खेळते, गोल मारायला. क्लब म्हणजे काय, तर एक मैदान, दोन जाळ्या आणि हिरवे शर्ट. पोरी गोंडांच्या, लमाणांच्या, तेलुगू, आणि मराठी आमची एकटीच. उटनूरला मॅच असली की बघायला अर्धं गाव जमतं. बाहेरगावी असली की कोणी जात नाही. जायची फक्त हिची आई.

मागं एकदा पोरीनं मोबाईलवर दाखवलं होतं. युरोपातले लोक आपल्या क्लबमागं या देशातून त्या देशात फिरतात, गळ्यात मफलर घालून, रेल्वेनं, विमानानं, आणि परक्या गावच्या मैदानात एका कोपऱ्यात उभं राहून घसा बसेपर्यंत ओरडतात. बायको बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, याईले घरी कामं नाही का बाप्पा? आणि त्यानंतर तिनं स्वतः बाहेरगावची एकही मॅच चुकवली नाही. आमच्या तेलंगणात बायकांना बस फुकट झाल्यावर तर विचारूच नका. निर्मल झालं, मंचिर्याल झालं, बोथ झालं. आधार कार्ड दाखवायचं आणि खिडकी पकडायची. किनवट आणि पांढरकवडा मात्र महाराष्ट्रात. हद्द ओलांडली की तिकीट काढावं लागायचं, म्हणून त्या गावांना ती परदेश म्हणायची.

ती अंगणवाडीत होती, पण तिचा आवाज अंगणवाडीच्याही आधीचा. लहानपण ज्वारीवरची पाखरं हाकलण्यात गेलं, त्यामुळे शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर बोलायची सवय. घरात तिनं माझ्याकडं मीठ मागितलं तर शेजारीण वाटी घेऊन यायची.

संध्याकाळी दोघी परत यायच्या. पोरगी सरळ न्हाणीत जायची आणि बायको हातपाय न धुता गॅसजवळ उभी राहून मला गोल सांगायची. पदर खोचून, कंबर वळवून, हात वर करून. अशी आली, अशी वळली, थे पोट्टी तिकडं पडली, अन् बॉल असा. मी पळी हातात धरून ऐकायचो. तेवढ्यात रस्सा खाली लागला तर दोष माझा. पोरीचे सगळे गोल मला पाठ होते आणि पाहिलेला एकही नव्हता.

मागच्या पावसाळ्यात बायकोला ताप आला. आधी साधाच वाटला. मग आदिलाबादला नेलं, तिथून नागपूरला. नागपूरहून तिला झाकून आणलं.

त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही, कारण काही वाटतच नव्हतं. मी रडलो नाही. विहारातून भंतेजी आले, वंदना झाली, लोक बसले, जेवले, गेले. मी शाळेत हजर झालो, पेपर तपासले, एका बेरजेतही चूक नाही. लोक म्हणाले, मास्तरांचं मन मोठं घट्ट. घट्ट कसलं? मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, चिमटा काढला तरी दुसऱ्याचा वाटतो, तसं माझं अंगभर झालं होतं. रविवारी मटण आणायचो, शिजवायचो, दोघं जेवायला बसायचो. मीठ बरोबर आहे का, हे मला पोरीला विचारावं लागायचं. ती हाव म्हणायची. दिवसभरात तेवढंच बोलणं.

दिवाळीनंतर एकदा सर घरी आले. ते तेलुगू, मी मराठी, म्हणून आम्ही हिंदीत बोललो. चहा झाल्यावर त्यांनी सांगितलं की पोरीचा खेळ बसलाय. समोरच्या टीमच्या गोलाकडं पाठ करून उभं राहायचं, आपल्या पोरींनी दिलेला बॉल घ्यायचा आणि वळायचं, हे तिचं काम. पण आता ती वळायच्या आतच पाठीमागून कोणीतरी येऊन तिला पाडतं. आधी असं होत नव्हतं, कारण बाहेरून तिची आई ओरडायची, "मांगं!" आणि पोरीला कळायचं की पाठीवर कोणी आलं. मैदानात निस्ता तेलुगूचा गोंगाट, त्यात हा एकच मराठी आवाज. सरांनी तिला मान वळवून बघायची सवय लावायचा फार प्रयत्न केला होता, पण तिची मान काही वळत नव्हती. किनवटच्या मॅचपर्यंत ठेवतो म्हणाले, मग तिच्या जागी दुसरी पोरगी तयार आहे. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

पोरगी आतून ऐकत होती. सर गेल्यावर ती बाहेर आली आणि म्हणाली की काढलं तर मी परत मैदानात पाय ठेवणार नाही, फुटबॉल संपला. रागानं म्हणाली असती तर मी दोन शब्द समजावलं असतं. ती तशी म्हणाली, जसा मी मिठाचं विचारायचो. तेव्हा मला भीती वाटली. इतक्या महिन्यांत काही वाटलं ते हे पहिलंच. घरात एक बधिर माणूस पुरे होता. हिचा खेळ सुटला तर हिला धरून ठेवायला दुसरं काही नव्हतं, आणि माझा तर काही उपयोगच नव्हता.

म्हणून पुढच्या रविवारी मटण राहिलं आणि मी निर्मलला गेलो. अख्ख्या टीमला बस फुकट आणि पैसे देणारा मी एकटा, याची पोरींना मोठी गंमत वाटली. बायकोची नायलॉनची पिशवी बरोबर घेतली होती. तिच्यात लिंबं आणि मीठ, ती न्यायची तसंच. मैदानाच्या कडेला उभा राहिलो आणि पोरीवर नजर लावली ती हलवली नाही. ती धावली की माझे डोळे धावत होते. बॉल तिच्याकडं निघाला की मी छाती भरून तयार. पण माझ्या तोंडून "मांगं" निघायचं तेव्हा ती जमिनीवर पडलेली असायची. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं म्हणतात, मला तेही जमेना. शेजारी उभा असलेला एकजण शेवटी हिंदीत म्हणाला, साहेब, ती पडली हे तिला माहीत आहे.

टीम हरली. बसस्टँडवर पोरीचा सोललेला गुडघा धुऊन दिला, लिंबू पिळून पाणी दिलं. तिनं पाणी संपवलं आणि गुडघ्याकडं बघतच बोलली.

"बाबा, तुमी माह्याकडं पाहता."

मी म्हणालो, मंग कोनाकडं पाहू?

"आई माह्याकडं पाहतच नव्हती. थे माह्या मांगं पाहे."

बस आली, आणि गुडीहत्नूरपर्यंत मी तेच डोक्यात फिरवत राहिलो.

गोष्ट सोपी होती. गणिताचंही असंच असतं, कोणी सांगितलं की वाटतं हे तर समोरच होतं. धोका पोरीत नाही, पोरीच्या मागच्या मोकळ्या जागेत आहे, तर बघायचं तिथं. पण इथंच घोडं पेंड खात होतं. पावसाळ्यापासून मी या पोरीवरून नजर हलवलीच नव्हती. सकाळी ती निघाली की बस वळणाआड जाईपर्यंत बघत उभा राहायचो. दुपारी डुलकी लागली तिला, तर छाती खालीवर होते का बघायचो. वाटत काही नव्हतं, पण डोळे तेवढे तिला सोडत नव्हते. आणि आता तीच सांगत होती की माझ्याकडं पाहू नका.

शाळा सुटल्यावर मी उटनूरची बस पकडून त्यांच्या प्रॅक्टिसला जाऊन बसू लागलो. डोळे तिच्यावरून उचलून मागं ठेवायचे, ते पुन्हा घसरून तिच्यावर यायचे. म्हशीला दावणीकडं ओढावं तसं मी त्यांना ओढत होतो. एकदा बिनकामाचं ओरडलो, पाठीमागं कोणीच नव्हतं, आणि पोरीनं घाबरून बॉल बाहेर मारला. सगळ्या पोरी हसल्या. तिनं हसू दाबलं, मला दिसलं.

किनवटला बोथवरून गेलो. हद्दीवर कंडक्टर तिकिटं फाडायला उठला तशा मागच्या सीटवरच्या पोरी एका सुरात म्हणाल्या, परदेश आला, परदेश आला. गोंडांच्या पोरीसुद्धा मराठीत म्हणाल्या. शब्द तिचा होता. मला रडू यायला पाहिजे होतं, आलं नाही. पिशवी तेवढी मांडीवर घट्ट धरली.

किनवटचं मैदान भरलेलं होतं. इथं गोंगाटही मराठीच, माझा आवाज त्यात वेगळा कसा कळावा याची धास्ती वाटली. मी गर्दीपासून दूरच्या बाजूला जाऊन उभा राहिलो, आईची जागा तिकडंच असायची असं पोरीनं सांगितलं होतं. पोरीच्या मागं खेळत होती किनवटची एक उंच पोरगी, दोन वेण्या वर बांधलेली, खांद्यानं भक्कम. मी ठरवलं, आज हीच माझी पोरगी. तिलाच पाहायचं.

आणि पाहत राहिलो तसं एक ध्यानात आलं. धावून यायच्या आधी ती हाफपँटला हात पुसायची. दरवेळी. आधी हात पुसणार, मग येणार. परीक्षेत चिठ्ठी काढायच्या आधी पोरं खिडकीबाहेर बघतात, तसंच. इतकी वर्षं पोरांच्या माना वाचण्यात गेली होती, ती विद्या इथं कामी आली. तिनं हात पुसले आणि मी ओरडलो. आवाज चिरकला, पण वेळेवर निघाला. बॉल आमच्या दुसऱ्या पोरीकडं गेला, म्हणजे माझ्या पोरीनं तो दिला असणार. पुन्हा पुसले, पुन्हा ओरडलो. खडूनं घासलेला माझा घसा, त्यातून असा आवाज निघतो हे मलाच माहीत नव्हतं.

मॅच संपत आली तेव्हा त्या उंच पोरीनं पुन्हा हात पुसले. "मांगं!" ती सगळा जोर लावून आली आणि जिथं आली तिथं कोणीच नव्हतं. तोल जाऊन पुढं आपटली. माझी नजर अजून तिच्यावरच होती. ती उठून बसली, तळहाताची माती झटकली, मान वळवून आपल्या गोलाकडं पाहिलं आणि तिचं तोंड पडलं. तेवढ्यात आमच्या पोरींचा कल्ला ऐकू आला. गोल झाल्याचं मला असं कळलं.

मॅच संपल्यावर सर आमच्याकडं आले. पुढच्या रविवारी मंचिर्यालला जायचं आहे, सकाळची पहिली बस पकडा, एवढंच सांगितलं. पोरगी शेजारीच उभी होती, तिनं खाली बघून बुटाची नाडी पुन्हा बांधली.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या बाजूला बसली. बोथ यायच्या आधी तिनं विचारलं, गोल पाह्यला का बाबा? खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. नाही म्हणालो, मी त्या उंच पोरीकडं पाहून राह्यलो होतो.

ती हिरमुसली नाही. "आई पण नाही पाहे," म्हणाली.

"मंग घरी येऊन मले सांगे थे?"

"मी सांगो तिले. बसमंदी, रस्ताभर."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. गॅसजवळ उभं राहून, पदर खोचून बायकोनं मला दाखवलेले सगळे गोल, अशी आली, अशी वळली, त्यातला एकही तिनं पाहिला नव्हता. तिनं पाहिल्या त्या दुसऱ्यांच्या पोरी, गावोगावच्या, आपल्या पोरीच्या पाठीवर धावून येणाऱ्या. बाकी बसमध्ये ऐकलं आणि माझ्यासाठी घरी आणलं. इतक्या रविवारांत मला एकदाही शंका आली नाही.

मग पोरीनं किनवटचा गोल मला सांगितला, समोरच्या सीटच्या पाठीवर बोटं नाचवत. इच्चोडा आलं तरी सांगतच होती.

घरी मटण नव्हतं. पोरीनं गॅस पेटवून अंडी फोडली. मी पिशवी खुंटीला लावली आणि न्हाणीकडं निघालो, तर म्हणाली, थांबा, सांगा. काय सांगू? गोल सांगा. मी म्हणालो, अवं, तूच मारला अन् तूच मले सांगितला.

"हाव. पन सांगा ना."

पळी तिच्या हातात होती. मी गॅसजवळ उभा राहिलो, हातपाय न धुता. म्हणालो, अशी आली. मला कंबर काही वळवता येत नाही, जराक वळवली. अशी वळली. थे उंच पोट्टी तिकडं पडली. अन् बॉल असा, म्हणून हात वर नेला, आणि तो हात तिथंच राहिला. मला रडू आलं. पावसाळ्यापासूनचं सगळं एकदम आलं, थांबेचना, मी भिंतीला धरून उभ्याउभ्या लहान पोरासारखा रडलो. तिची फार आठवण आली, आणि ती आठवण पहिल्यांदाच दुखली.

पोरगी जवळ आली नाही. तिनं गॅस बारीक केला. तिचेही डोळे वाहत होते, पण पळी तशीच धरून ती माझ्याकडं बघत उभी राहिली.

"मंग?" ती म्हणाली. "मंग बॉल कुठं गेला?"

मी शर्टाच्या बाहीला नाक पुसलं आणि पुढचं सांगितलं.